मठाच्या मागचं गाव

येरेवानहून उत्तरेकडे निघालेल्या पर्यटक बसचा दिवस आखलेला असतो. अरागात्सचा चार शिखरांचा डोंगर डाव्या हाताला ठेवत स्पिताक गाठायचं, वनाद्झोर मागे टाकायचं, देबेद नदीच्या दरीत शिरायचं, जेवणाआधी एक मठ, जेवणानंतर दुसरा, आणि अंधार पडायच्या आत परतीची वाट धरायची. हाघपात आणि सानाहीन हे ते दोन मठ. दोन्ही दहाव्या शतकात उभे राहिले आणि मधली दरी ओलांडून एकमेकांकडे बघत हजार वर्षं तसेच उभे आहेत. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हाघपात 1996 साली गेलं, सानाहीन 2000 साली. या मठांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते वाजवीच आहे. सानाहीनच्या दगडी दालनात मीही भारावून उभी राहिले होते. मला लिहायचं आहे ते मात्र मठाच्या मागच्या गावाबद्दल.

बस फाटकापाशी थांबते. तिथून पुढे एक खडबडीत रस्ता घरांमधून वर जातो. त्या रस्त्यावर पर्यटक सहसा पाऊल ठेवत नाहीत, कारण तिकडे ‘बघण्यासारखं’ काही नाही असं त्यांना सांगितलेलं असतं. तिकडे अक्रोडाची झाडं आहेत, मधमाश्यांच्या निळ्या-हिरव्या पेट्या आहेत, दगडी तळमजल्यावर लाकडी सज्जा असलेली घरं आहेत. आणि सगळ्या गावभर डोक्याच्या उंचीवरून धावणारा पिवळा गॅसचा पाइप आहे. घराचं फाटक आलं की हा पाइप कमानीसारखा वर चढतो, फाटक ओलांडून पुन्हा खाली येतो आणि पुढच्या घराकडे निघतो. आर्मेनियाचं कुठलंही खेडं डोळ्यांपुढे आणलं की मला मठाच्या घुमटाच्या आधी तो पिवळा पाइप दिसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे मठ टिकले ते या गावांमुळे. सोव्हिएत काळात देवळं बंद झाली, कुठे त्यांची गोदामं झाली, पण गावं होती. गावातल्या कुणीतरी छपरावरचं गवत उपटलं, कुणी निखळलेला दगड अंगणात नेऊन जपला. आजही लहान गावांतल्या कित्येक जुन्या चर्चना कुलूप असतं आणि किल्ली शेजारच्या घरातल्या बाईकडे असते. हाक मारली की ती हात पुसत येते, दार उघडते, आपण मेणबत्ती लावेपर्यंत उंबऱ्याशी थांबते. आज मठांची डागडुजी होते आहे, वाहनतळ होत आहेत, आणि ती किल्ली सांभाळणारी घरं एकेक करून रिकामी होत आहेत. आर्मेनियाची लोकसंख्या साधारण तीस लाख. त्यातली एक तृतीयांशाहून जास्त माणसं एकट्या येरेवानमध्ये राहतात.

देबेदची दरी समजली की इथली गावं समजतात. नदीने लाव्हाच्या पठारात खोल चर कापला आहे. नदी, रेल्वे, जॉर्जियाकडे जाणारा महामार्ग आणि कारखाने तळाशी. शेतं, गुरं, गावं आणि मठ वर पठारावर. खालून बघितलं तर वर गाव आहे याचा पत्ता लागत नाही, नुसता कडा दिसतो. वळणं घेत चढून गेलं की एकदम सपाट हिरवी जमीन उलगडते. ओद्झून हे असंच पठारावरचं मोठं गाव. गावाच्या मधोमध गुलाबी छटेच्या दगडाचं प्राचीन चर्च आहे, सानाहीनहूनही काही शतकं जुनं, आणि त्याच्या अंगणात कोरीव शिल्पांचे दोन उंच स्तंभ कमानींखाली उभे आहेत. मी ओद्झूनला राहिले ती चर्चपासून थोडं वर एका घरात.

घरात एक आजी, तिची सून आणि दोन नातवंडं. आजीला सगळे तातिक म्हणत, म्हणून मीही तातिक म्हणायला लागले. ती मला ‘आख्चीक जान’ म्हणायची, अगं पोरी म्हणावं तसं. बोलणं व्हायचं ते नातीच्या शाळेतल्या इंग्रजीच्या आधाराने, आणि तिथे अडलं की फोनवरच्या भाषांतराने. तिचा मुलगा रशियात होता. वसंतात बर्फ वितळलं की जायचं आणि नाताळ-नववर्षाच्या सुमाराला यायचं, असा त्याचा शिरस्ता. लोरी, शिराक, गेघारकुनिक या भागांतल्या गावांत हा शिरस्ता घराघरात आहे. सोव्हिएत काळातच बांधकामाच्या हंगामासाठी माणसं रशियात जायला लागली. नव्वदच्या दशकानंतर ते जाणं निरुपायाचं झालं.

त्या घरी माझ्या मुक्कामात लवाश भाजायचा दिवस आला. अंगणाच्या कडेला पत्र्याचं छप्पर, खाली जमिनीत पुरलेला तोनीर. आपण ज्याला तंदूर म्हणतो त्याच कुळातला, पण तोंड जमिनीच्या पातळीवर आणि पोट खाली खोल. पहाटे त्यात लाकडं पेटवली होती. ज्वाळा ओसरून आतली मातीची भिंत पांढरट होईपर्यंत कुणी घाई केली नाही. शेजारच्या दोघी आल्या. आदल्या रात्री भिजवलेल्या कणकेचे गोळे फडक्याखाली ओळीने मांडलेले. एकीने बुटक्या मेजावर गोळा लाटायचा, दुसरीने तो दोन्ही हातांवर झेलत, या मनगटावरून त्या मनगटावर टाकत पातळ करायचा. फिरता फिरता कणीक एवढी ताणली जाते की पलीकडचं दिसेल असं वाटतं. मग ती एका लांबट उशीवर पसरायची. ही उशी आत गवत भरून घट्ट केलेली असते आणि तिला मागून हात घालायला जागा असते. तोनीरशी बसलेली बाई उशी घेऊन कमरेतून पूर्ण वाकते, खांद्यापर्यंत हात आत घालते आणि उशी भिंतीवर थापते. एक थाप, आणि उशी मोकळी होऊन वर येते, लवाश भिंतीला चिकटलेला राहतो. अर्ध्या मिनिटात त्यावर फोड येतात, तपकिरी ठिपके पडतात. लोखंडी आकड्याने तो ओढून काढायचा आणि फडक्यावर टाकायचा, तोवर पुढची उशी तयार.

तोनीरशी तातिकच बसली होती. सत्तरी ओलांडलेली बाई त्या धगीत इतक्या वेळा वाकत होती की मला बघवेना. मी जागा घेऊ का म्हणून विचारलं, तर तिने माझ्या हातात लाटणं दिलं. तोनीरशी बसायचा मान वयाने आणि सवयीने मिळतो, तो पाहुण्याला देत नाहीत. पहिल्या लवाशात ओलं चीज आणि तारखूनची हिरवी पाती गुंडाळून नातवंडांना दिली, दुसरा मला. उरलेले लवाश वाळवून एकावर एक रचले गेले. असे वाळवलेले लवाश महिनोन्महिने टिकतात. लागतील तसे काढायचे, पाण्याचा हबका मारायचा, फडक्यात झाकून ठेवायचे, की पुन्हा मऊ. 2014 साली युनेस्कोने लवाश करण्याच्या या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. त्या सन्मानाने मला आनंदच आहे. पण लवाशाला तीन-चार बायका लागतात. एकटीने तोनीर पेटवता येत नाही, पेटवला तरी परवडत नाही. ज्या गल्लीत चार घरांपैकी तीन घरांना कुलूप आहे तिथे लवाश दुकानातून येतो. सून मला हेच सांगत होती, की पूर्वी या तोनीरवर सहा-सात जणी जमायच्या, आता दोघींना हाक मारून आणावं लागतं.

माणसं का जातात याचं उत्तर गावाबाहेर फिरायला गेलं की दिसतं. पठाराच्या कडेला सामुदायिक शेतीच्या काळातले लांबलचक गोठे आहेत, छप्पर उडालेले, खिडक्यांच्या चौकटी काढून नेलेले. एके काळी गावाची सगळी गुरं, यंत्रं, पगार इथून चालायचे. 1991 साली देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी आर्मेनियाने जमिनीचं खासगीकरण केलं, बाकीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या कितीतरी आधी. चिठ्ठ्या टाकून कुटुंबांना जमिनी वाटल्या. वाटणी न्यायाची झाली, पण वाट्याला आले ते तुकडे. सरासरी दीड हेक्टरच्या आतबाहेर जमीन, तीही दोन-तीन ठिकाणी विखुरलेली. तीस गोठ्यांच्या हिशोबाने बांधलेली व्यवस्था तीन गायींच्या घरावर येऊन पडली. त्यात पूर्वेची सीमा अझरबैजानशी बंद, पश्चिमेची तुर्कस्तानने 1993 साली बंद केली. माल पाठवायला उत्तरेला जॉर्जिया, दक्षिणेला इराण, बास. बटाटा, चीज, मध पिकवणारा शेतकरी आपल्या शेतात कितीही राबला तरी त्याची बाजारपेठ दोन दारांच्या देशात अडकलेली.

गावातल्या दुकानात काउंटरखाली एक जाड वही असते. उधारीची. रशियातून पैसे आले की पानं फाटतात, रुबल घसरला की वही जाड होते. दुकानदारीणबाईंनी ती वही मला उघडून दाखवली नाही आणि दाखवू नयेच. पण तिच्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, या गावात कुणी उपाशी झोपलेलं नाही. मला त्या वहीचा आदर वाटला. काही माणसं रशियात गेली ती परतलीच नाहीत, तिकडे दुसरं घर मांडलं. त्या घरांची नावंही त्याच वहीत आहेत आणि त्यांनाही पीठ मिळतं.

आता सानाहीनबद्दल. हे गाव माझ्या बालपणाशी जोडलेलं आहे हे मला फार उशिरा कळलं. माझे बाबा ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये होते. नाशिकजवळचा तो कारखाना 1960च्या दशकात मिग-21 विमानं बांधण्यासाठी उभा राहिला. टाऊनशिपमध्ये वाढलेल्या आम्हा मुलांना ‘मिग’ हा शब्द आई-बाबा या शब्दांच्या बरोबरीने आला. द्राक्षाच्या बागांवरून विमान गेलं की बाई फळ्यावर लिहायच्या थांबायच्या, आवाज विरला की पुढचं वाक्य. कुठे मिग कोसळल्याची बातमी आली की बाबा त्या रात्री जेवताना बोलत नसत.

मिगमधला ‘म’ म्हणजे मिकोयान. आर्तेम मिकोयान, 1905 साली सानाहीनमध्ये जन्मलेला, एका सुताराचा मुलगा. मिखाईल गुरेविच या अभियंत्याबरोबर त्याने जी विमानं घडवली त्यांना दोघांच्या आडनावांवरून नाव मिळालं. त्याचा थोरला भाऊ अनास्तास, जन्म 1895, सोव्हिएत सत्तेच्या शिखरावर लेनिनच्या काळापासून ब्रेझनेवच्या काळापर्यंत टिकून राहिलेला नेता. 1937 साली स्टालिनने आर्मेनियात शुद्धीकरणासाठी पाठवलेल्यांत तोही होता. स्वतःच्या देशातल्या माणसांच्या छळात ज्याचा हात होता त्या मुलाचाही फोटो गावाने ठेवला आहे. सानाहीनमध्ये दोघा भावांचं संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात एक मिग-21 उभं आहे. मठापासून चालत जाता येतं. मी गेले तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. सांभाळणाऱ्या बाईंना मी खुणेने, मग फोनवर नकाशा काढून सांगितलं की हेच विमान माझे वडील बांधत होते, भारतात, या गावात. त्यांनी माझा हात धरून मला विमानाच्या पोटाखाली नेलं आणि पत्र्यावर माझा तळवा टेकवला. तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ऐंशीच्या घरातले बाबा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, नाकातला सुळका जवळून दाखव. दाखवला. म्हणाले, बरोबर आहे, नीट ठेवलंय. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला भारतीय हवाई दलाने शेवटच्या मिग-21ना निरोप दिला, तेव्हा बाबांना पहिली आठवण झाली ती सानाहीनच्या त्या बाईंची.

आर्तेम शिकायला तिबिलिसीला गेला, मग रशियात गेला, आणि मॉस्कोचा झाला. दरीतल्याच दसेघ गावाचा होव्हान्नेस तुमान्यान, आर्मेनियाचा लाडका कवी, 1869 साली गावच्या पाद्र्याच्या घरी जन्मला. तोही तिबिलिसीला गेला. त्याची समाधी तिबिलिसीत आहे, हृदय मात्र दसेघला आणून घराच्या अंगणात पुरलं आहे. गाव सोडणं इथे आजचं नाही. फरक असा की तेव्हा गावातून एखादा जायचा आणि मागे भरलेलं गाव उरायचं.

सानाहीनच्या खाली दरीत अलावेर्दी हे छोटं शहर आहे. तांब्यावर जगलेलं. 1970च्या दशकात कामगारांना पठारावरच्या घरांतून खाली कारखान्यात आणायला इथे रज्जुमार्ग बांधला होता. 2018 साली तांब्याचा कारखाना बंद पडला. धुराने लोकांची छाती भरायची हे खरं, डोंगरउतारावर झाडं जगत नसत हेही खरं. आता हवा स्वच्छ आहे आणि सकाळी सहाला दरीतून येरेवानला निघणाऱ्या गाडीत तरुण मुलं बसलेली असतात.

पश्चिमेला शिराककडे वळलं की गावांचं रूप बदलतं. उंच, झाडं नसलेलं पठार, हिवाळा असा की पारा शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत उतरतो. इथे आणि तिकडे सेवान सरोवराकाठच्या गावांत घराशेजारी शेणाच्या गोवऱ्या थरावर थर रचून ठेवलेल्या असतात, माणसाच्या उंचीहून उंच. 7 डिसेंबर 1988 रोजी सकाळी 11 वाजून 41 मिनिटांनी या पट्ट्यात भूकंप झाला. मुलं शाळेत होती, कामगार कारखान्यांत. सुमारे पंचवीस हजार माणसं गेली, पाच लाखांच्या आसपास बेघर झाली. स्पिताक शहर पूर्ण कोसळलं. तेव्हा लेनिनाकान म्हटलं जाणारं ग्युमरी निम्म्याहून अधिक पडलं. जगभरातून मदत आली, आणि मग तीन वर्षांत सोव्हिएत संघच राहिला नाही, त्यामुळे अर्धी उभी राहिलेली घरं अर्धीच राहिली. तात्पुरता निवारा म्हणून दिलेल्या पत्र्याच्या खोल्यांना, दोमिकांना, भिंती जोडत, छपराला ठिगळं लावत लोक तिथेच राहिले. तीस वर्षांनंतरही ग्युमरीत दोमिकांत राहणारी कुटुंबं होती. तिथे जन्मलेल्या मुलांची लग्नं दोमिकांतूनच झाली.

भूकंपानंतर मेत्सामोरचा अणुवीज प्रकल्प 1989 साली बंद केला, पाठोपाठ अझरबैजानशी काराबाखचं युद्ध, सीमांची नाकेबंदी. 1992 ते 1995 ही अंधाराची वर्षं. येरेवानमध्ये दिवसाला जेमतेम तास-दोन तास वीज, बागांतली झाडं तोडून शेगड्या पेटलेल्या. तातिक त्या वर्षांबद्दल बोलताना तक्रार करत नव्हती. शहरातले नातेवाईक तेव्हा हिवाळ्यासाठी गावात यायचे, म्हणाली, कारण आमच्याकडे गाय होती, बटाटे होते, सरपण होतं, तोनीर होता. एका खोलीत चूल पेटवायची आणि सगळ्यांनी त्या खोलीत झोपायचं. देश तगला तो गावांच्या जिवावर. हे वाक्य माझं आहे, तिचं नाही. ती फक्त म्हणाली, घर भरलेलं असायचं.

आर्मेनियाच्या रस्त्यांवर, चौकांत, शाळांच्या भिंतीशी अखंड वाहणारी पाण्याची छोटी कारंजी असतात. पुलपुलाक. वाकायचं आणि थेट प्यायचं, गार, झऱ्याचं पाणी. खेड्यांत यातले बरेचसे कुणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेले असतात. दुसऱ्या महायुद्धातून न परतलेल्यांचे आहेत, भूकंपात गेलेल्यांचे आहेत, काराबाखच्या पहिल्या युद्धातले आहेत. आणि आता 2020च्या युद्धातले. ते युद्ध 44 दिवस चाललं, आर्मेनियाच्या बाजूचे जवळपास चार हजार सैनिक गेले, त्यातले कित्येक सक्तीच्या सैनिकी सेवेतले अठरा-वीस वर्षांचे. दरीतल्या एका गावात असा नवा पुलपुलाक पाहिला. काळ्या दगडावर कोरलेला मुलगा, ओठावर मिसरूडही नीट न फुटलेलं, खाली जन्मसाल 2001. एक बाई बादली भरत होत्या. शेजारच्या घरचा मुलगा, त्यांनी सांगितलं. वर्गमित्रांनी वर्गणी काढून बांधलं. मग बादली बाजूला घेऊन मला खुणावलं, पी. आपल्या गावांच्या वेशीवर वीरगळ असतात, लढाईत पडलेल्याचा दगड, त्याला आपण शेंदूर लावतो. इथे त्याच्या नावाने वाटसरूची तहान भागते. मी प्याले. त्या मुलाचं नाव मी वाचून घेतलं आहे, इथे लिहिणार नाही, ते त्याच्या गावाचं आहे.

2023च्या सप्टेंबरात आर्त्साखमधून, म्हणजे नागोर्नो-काराबाखमधून, एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं जेमतेम आठवड्याभरात निघून आली. ट्रॅक्टर, ट्रक, जुन्या गाड्या यांची रांग डोंगरातल्या एका रस्त्यावर. पहिलं शहर लागायचं ते दक्षिणेचं गोरिस, दगडी घरांचं, सुळक्यांच्या मधलं, छोटं. तिथल्या लोकांनी शाळा, हॉटेलं, घरं उघडली. नंतर ही कुटुंबं देशभर पसरली, काही खेड्यांतल्या कुलूपबंद घरांत राहायला आली. ओद्झूनच्या वरच्या गल्लीत असं एक घर होतं. बाहेर दोरीवर लहान मुलांचे कपडे. तातिकने लवाशाची चळत फडक्यात बांधून नातीच्या हाती तिकडे पाठवली. इतक्या मोठ्या दुःखाबद्दल लिहायचा अधिकार मला नाही. पण रिकाम्या घरात चूल पेटली ती कुणाचं तरी घर कायमचं सुटल्यावर, हे त्या गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून कुणी त्यांना ‘नवे लोक’ म्हणत नव्हतं.

दिलिजानच्या वाटेवर फिओलेतोवो लागतं. तिथे मोलोकान राहतात, झारने एकोणिसाव्या शतकात श्रद्धेपायी हद्दपार केलेले रशियन. लांब दाढीचे पुरुष, ओढणी बांधलेल्या बायका, कोबीची शेतं, खारवलेल्या कोबीच्या बरण्या. अरागात्सच्या कुरणांवर उन्हाळ्यात यझिदी मेंढपाळांचे तंबू असतात. आर्मेनियन खेडं म्हणजे एकाच साच्याचं नाही, एवढंच सांगायला हे लिहिलं.

सेवान सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 1900 मीटरवर. सोव्हिएत काळात वीज आणि सिंचनासाठी त्याचं पाणी एवढं उपसलं की पातळी जवळपास वीस मीटर खाली गेली आणि मठाचं बेट द्वीपकल्प झालं. सरोवराच्या काठी नोरातुस गाव आहे. गावच्या स्मशानात शेकडो खाचकार उभे आहेत, क्रूस आणि त्याभोवती जाळीदार नक्षी कोरलेल्या शिळा, त्यातल्या काही हजारेक वर्षं जुन्या. त्यांच्याभोवती लाल-पिवळी शेवाळं चढली आहेत, मधून मेंढ्या चरतात, आणि गावातल्या बायका शिळांना टेकून मोजे विणतात. याहून मोठं खाचकारांचं स्मशान आरास नदीकाठी जुघाला, म्हणजे जुल्फाला, होतं. आता तो भाग अझरबैजानच्या नाखिचेवानमध्ये येतो. 1998 ते 2005 या काळात ते संपूर्ण उद्ध्वस्त करण्यात आलं. तिथे आर्मेनियन गाव उरलं नव्हतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शाह अब्बासने जुल्फाची सगळी वस्ती उठवून इस्फहानला नेली. तिथून त्यांचे वंशज व्यापारासाठी सुरतेला, मद्रासला, कलकत्त्याला आणि मुंबईला आले. मुंबईच्या फोर्टात 1796 साली स्थापन झालेलं आर्मेनियन चर्च आहे, ते याच माणसांचं. जिथे गाव राहिलं तिथे शिळा राहिल्या, जिथे गाव गेलं तिथे काही शतकांनी शिळाही गेल्या. नोरातुसच्या त्या विणणाऱ्या बायकांना बसमधली मंडळी ‘मागे लागतात’ म्हणून टाळतात. मी त्यांना त्या स्मशानाच्या पहारेकरी मानते.

आपल्याकडची माणसं आता आर्मेनियाला जाऊ लागली आहेत. येरेवानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी भारतीय मुलं तर बऱ्याच वर्षांपासून आहेत, त्यांचे आईवडील त्यांना भेटायला जातात. त्यांना आणि तुम्हाला माझं सांगणं आहे. मठ जरूर पाहा. पण एक दिवसाची सहल करू नका. येरेवानहून अलावेर्दीला छोट्या बस जातात, तिथून ओद्झून, सानाहीन, हाघपात जवळ आहेत, आणि या गावांत लोक आपल्या घरात पाहुणे ठेवतात. रात्री राहा. मध घ्या, चीज घ्या, हाताने विणलेले मोजे घ्या आणि मागितलेली किंमत द्या. चर्चची किल्ली आणणाऱ्या बाईंना ‘बारेव’ म्हणा, दोन मिनिटं त्यांच्याशी थांबा. तुम्ही त्या घरात राहिलात तर त्या घरच्या मुलाला रशियाचं तिकीट एक हंगाम उशिरा काढता येईल. गावाला सध्या तेवढा एक हंगामही हवा आहे.